चूक काढणाऱ्यालाही अनुदान द्या

प्रति,
मुख्य कार्यकारी अधिकारी,
अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन,
नवी दिल्ली

महोदय,



प्रथिनांचे स्फटिक वाढवायचे, त्यांच्यावर क्ष-किरण सोडायचे आणि उमटलेल्या ठिपक्यांवरून रेणूचा आकार शोधून काढायचा, या कामात माझी उमेदीची वर्षे गेली. अलीकडे एक प्रश्न मला वरचेवर ऐकू येतो. एम.एस्सी.ची मुले विचारतात, प्रस्ताव तपासणारे विचारतात, समारंभात शेजारी बसलेले निवृत्त सनदी अधिकारीही विचारतात: ‘आता अल्फाफोल्ड आहे ना, मग स्फटिक कशाला वाढवता?’ अल्फाफोल्ड म्हणजे अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रथिनाच्या रचनेचा अंदाज बांधणारी संगणक-प्रणाली. आमच्या बाजूची मंडळीही काही कमी नाहीत. संगणकावर काम करणाऱ्यांचा विषय निघाला की, ‘त्यांची चित्रे देखणी असतात हो, पण खरी किती?’ म्हणून मोकळी होतात. दोन्ही बोलणी चहाच्या कपाबरोबर संपली असती तर काही बिघडले नसते. पण तीच पुढे अंदाजपत्रकाचे आकडे होऊन आपल्या टेबलावर येतात आणि एकाला द्यायचे तर दुसऱ्याचे कापायचे, असा हिशेब सुरू होतो. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड.

मला जे म्हणायचे आहे ते आधीच सांगून टाकतो. संरचना-जीवशास्त्रात सिद्धान्त मांडणारा आणि प्रयोग करणारा एकमेकांना मदत करतात, हे चांगलेच आहे. पण त्या सहकार्याचे खरे मोल ते एकमेकांच्या चुका पकडू शकतात यात आहे. आपल्या देशातली अनुदानाची पद्धत मदतीला पैसे देते, चूक पकडण्याला देत नाही. ते बदलणे आपल्या हातात आहे.

याचा दाखला परदेशातून आणायची गरज नाही. 1952 साली जी. एन. रामचंद्रन मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख झाले, तेव्हा त्यांचे वय तिसाच्या आसपास होते. ब्रिटिश स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला आले असता त्यांनी सांगितले की कोलॅजेनची रचना अजून कोणालाच धड उलगडलेली नाही. कोलॅजेन म्हणजे आपल्या कातडीला, हाडांना, कंडरांना बळकटी देणारे प्रथिन. चर्म संशोधन संस्था विद्यापीठाच्या शेजारीच होती, त्यामुळे कोलॅजेनची वानवा नव्हती. चांगली क्ष-किरण छायाचित्रे मिळाली ती मात्र कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेपासून. गोपीनाथ कार्था यांच्यासह रामचंद्रन यांनी 1954 मध्ये ‘नेचर’मध्ये तीन साखळ्यांचे मॉडेल मांडले आणि पुढच्या वर्षी ते सुधारले: तीन साखळ्या एकमेकींभोवती, तिपेडी वेणीसारख्या. कोलॅजेनमध्ये जवळपास दर तिसरे अमिनो आम्ल ग्लायसिन असते, हे रासायनिक पृथक्करणातून ठाऊक होते. ग्लायसिन सर्वांत छोटे. वेणीच्या मध्यभागी दुसरे काही मावणारच नाही, म्हणून तिथे तेच. छायाचित्र, रसायन आणि भूमिती तिन्ही एका ओळीत आली.

आणि मग टीका आली. केंब्रिजमध्ये फ्रान्सिस क्रिक आणि अलेक्झांडर रिच यांनी 1955 मध्ये आपले स्वतंत्र मॉडेल मांडले. रामचंद्रन यांच्या मॉडेलमध्ये काही अणू एकमेकांच्या फारच जवळ आले आहेत, असा त्यांचा आक्षेप होता. आक्षेप गंभीर होता. पण ‘फारच जवळ’ म्हणजे नेमके किती, याचे उत्तर त्या वेळी कोणाकडेच पक्के नव्हते. रामचंद्रन यांनी ते शोधायला घेतले. अमिनो आम्लांच्या आणि छोट्या पेप्टाइडांच्या ज्या ज्या स्फटिकरचना तोवर प्रसिद्ध झाल्या होत्या, त्या सगळ्या धुंडाळल्या. कार्बन आणि ऑक्सिजन कमीत कमी किती अंतरावर आढळतात, नायट्रोजन आणि हायड्रोजन किती, अशी अणूंच्या एकेका जोडीची यादी केली. एक नेहमीची मर्यादा, एक टोकाची. म्हणजे इतरांनी वर्षानुवर्षे केलेली मोजमापे गोळा करून त्यांनी सिद्धान्ताला पायाचे दगड आणले.

पुढचे काम सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांच्यासह झाले. प्रथिनाच्या कण्यात प्रत्येक अमिनो आम्लापाशी दोन ठिकाणी पीळ पडू शकतो. त्या दोन कोनांना फाय आणि साय म्हणतात. हे दोन कोन थोडे थोडे बदलत जायचे आणि प्रत्येक वेळी पाहायचे की कोणते अणू एकमेकांना भिडतात. आजच्यासारखे संगणक हाताशी नसताना हे गणित केले गेले. 1963 मध्ये ‘जर्नल ऑफ मॉलेक्युलर बायॉलॉजी’त या दोन कोनांचा चौकोनी आलेख आला. त्या चौकोनाचा बहुतांश भाग निषिद्ध, परवानगीची बेटे मोजकीच. आज जगात कुठेही प्रथिनाची रचना ठरवली आणि ती जागतिक संग्रहात जमा करायला नेली, तर ती आधी या रामचंद्रन आलेखावर घासून पाहतात. एखादे अमिनो आम्ल निषिद्ध भागात पडले तर अहवालात त्याच्या नावासमोर खूण होते. माझ्या स्वतःच्या रचनांवर अशा खुणा पडल्या आहेत आणि त्यांतल्या काहींनी मला पुन्हा इलेक्ट्रॉन घनतेच्या नकाशापाशी नेऊन बसवले आहे.

मूळ वादाचे काय झाले, हेही सांगायला हवे. तिपेडी ही कल्पना टिकली. दर तीन अमिनो आम्लांमागे थेट हायड्रोजन बंध दोन (मद्रासचे म्हणणे) की एक (केंब्रिजचे), या मुद्द्यावर मात्र 1994 साली कोलॅजेनसारख्या एका पेप्टाइडचा स्फटिक उलगडला तेव्हा एकच दिसला, म्हणजे केंब्रिजचे म्हणणे बरोबर निघाले. मद्रासचे मॉडेल थोडे बरोबर, थोडे चूक होते. पण त्या आक्षेपाला उत्तर शोधताना जे हाती लागले ते मॉडेलपेक्षा मोठे ठरले. महोदय, या सगळ्या कामासाठी आज कोणी प्रस्ताव पाठवला असता, ‘माझ्या मॉडेलवर आक्षेप आला आहे, तर अणूंमधली किमान अंतरे गोळा करायची आहेत’, तर त्याला कोणत्या समितीने अनुदान दिले असते?

दुसरा दाखला 1951 चा. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात अल्फा हेलिक्स मांडले. त्यासाठी त्यांनी प्रथिनांची छायाचित्रे बाजूला ठेवून रसायनापासून सुरुवात केली. पेप्टाइड बंध सपाट असतो, या नियमाला धरून साखळी गुंडाळली तर एका वेढ्यात 3.6 अमिनो आम्ले बसतात आणि वेढ्याची उंची 5.4 अँगस्ट्रॉम येते. अडचण अशी की विल्यम ॲस्टबरी यांच्या केराटिनच्या, म्हणजे केसांतल्या प्रथिनाच्या, छायाचित्रांत 5.1 दिसत होते. याच प्रश्नावर केंब्रिजमध्ये ब्रॅग, केंड्रू आणि पेरुट्झ यांनी आदल्याच वर्षी काम केले होते आणि त्यांना उत्तर सापडले नव्हते. वेढ्यात पूर्णांक संख्याच असणार असे ते धरून चालले होते, आणि सपाट बंधाचा नियमही त्यांनी पाळला नव्हता.

मॅक्स पेरुट्झ यांनी पॉलिंग यांचा लेख वाचला आणि त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. हे हेलिक्स खरे असेल तर अमिनो आम्ले अक्षाच्या दिशेने एकेक पायरी 1.5 अँगस्ट्रॉमने चढत असणार, आणि त्या अंतराची खूण छायाचित्रात मिळायलाच हवी. ती आजवर कोणाला का दिसली नाही? कारण नेहमीच्या मांडणीत ती खूण फिल्मच्या बाहेर जाते आणि धागा ठरावीक कोनात कलवल्याशिवाय ती उमटतच नाही. पेरुट्झ यांनी घोड्याचा केस घेतला, कलवला, आणि खूण मिळाली. लेखात हा प्रयोग सुचवलेला नव्हता. तो प्रयोग करणाऱ्यालाच सुचला. राहिला 5.1 आणि 5.4 चा घोळ. केराटिनमध्ये ही हेलिक्से एकमेकींभोवती पुन्हा पीळ घेतात, त्यामुळे वेढा तिरका होऊन उंची कमी दिसते, हे पुढे क्रिक यांनी आणि पॉलिंग यांनीही दाखवले. पॉलिंग यांनी न जुळणारा आकडा बाजूला ठेवला, पेरुट्झ यांनी न पाहिलेली खूण शोधली. दोघे एका खोलीत नव्हते, एका प्रकल्पात तर नव्हतेच. एकाने आपले म्हणणे खोडून काढता येईल इतके नेमके छापले, आणि दुसऱ्याकडे ते तपासायला यंत्र होते, मोकळीक होती. एवढे पुरले.

आता अल्फाफोल्डकडे येतो, कारण सगळ्या चर्चा तिथे येऊन थांबतात. 2024 चे रसायनशास्त्राचे नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळाले. त्याचा मला आनंद आहे. पण हे यश आले कुठून? प्रोटीन डेटा बँक 1971 मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत सुरू झाली तेव्हा तिच्यात अवघ्या सात रचना होत्या. अल्फाफोल्ड 2 शिकले तेव्हा सुमारे 1.7 लाख होत्या, सगळ्या कोणी ना कोणी प्रयोगाने ठरवलेल्या आणि सगळ्या फुकट खुल्या. आडात नसते तर पोहऱ्यात कोठून आले असते? आज अल्फाफोल्डच्या संग्रहात 20 कोटींहून अधिक अंदाज आहेत. ते अंदाज आहेत, हे त्यांच्या निर्मात्यांनीच प्रत्येक अमिनो आम्लावर विश्वासार्हतेचा रंग देऊन सांगितले आहे. गडद निळा असेल तर भरवसा ठेवा, नारिंगी असेल तर ठेवू नका. आमच्याकडे चित्र सगळे दाखवतात, रंगांविषयी थोडेच बोलतात.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. अल्फाफोल्ड चांगले आहे, हे जगाला पटले कसे? 1994 पासून दर दोन वर्षांनी कॅस्प नावाची परीक्षा होते. जॉन मोल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घडवली. ज्यांनी रचना शोधली आहे पण अजून प्रसिद्ध केलेली नाही, असे प्रयोगशास्त्रज्ञ फक्त अमिनो आम्लांचा क्रम देतात. अंदाज बांधणारे उत्तर न पाहता अंदाज पाठवतात. तिसरेच लोक गुण देतात. 2020 च्या फेरीत अल्फाफोल्डने बाजी मारली तेव्हा शंका घ्यायला जागा राहिली नाही, कारण परीक्षा दुसऱ्याची होती आणि प्रश्नपत्रिका फुटलेली नव्हती. त्याच फेरीत जर्मनीतल्या ट्यूबिंगनचे आंद्रेई लुपास परीक्षकांत होते. त्यांच्या गटाकडे एका प्रथिनाचे क्ष-किरणांचे मोजमाप दशकभर पडून होते, रचना निघत नव्हती. अल्फाफोल्डचे मॉडेल हाती आले आणि अर्ध्या तासात ती निघाली. म्हणजे अंदाजाने अडलेला प्रयोग सोडवला आणि त्याच प्रयोगाने अंदाज खरा ठरवला. याला मी सहकार्य म्हणतो.

आपल्या घरचा प्रश्न घ्या. जगात क्षयाचे सर्वाधिक रुग्ण भारतात आहेत. रिफॅम्पिसिन हे औषध जंतूच्या आरएनए पॉलिमरेज या प्रथिनातल्या एका खोबणीत बसते. त्या प्रथिनाच्या बीटा उपघटकात 450 व्या जागी सेरीनऐवजी ल्यूसीन आले की औषध लागू पडेनासे होते. बदल एका अमिनो आम्लाचा. असा एकेक बदल काय घडवतो हे सांगण्यासाठी आपले साधन तपासलेले नाही, असे अल्फाफोल्डवाल्यांनीही सांगून ठेवले आहे. मग इथे लागते कोण? रेणूंच्या हालचालींचे गणित करून ‘या बदलाने औषधाची पकड इतकी सुटेल’ असा आकडा देणारा सैद्धांतिक, आणि ते बदललेले प्रथिन बनवून ती पकड प्रत्यक्ष मोजणारा प्रयोगशास्त्रज्ञ. आकडा आधी, मोजमाप नंतर. जुळले तर पुढच्या नव्या बदलासाठी ते गणित वापरता येईल. नाही जुळले तर गणितात काय राहिले ते कळेल. एकट्याने दोघांपैकी कोणीही हे करू शकत नाही.

साधने नाहीत असेही नाही. इंदूरला इंडस-2 सिंक्रोट्रॉनवर प्रथिनांसाठी बीमलाइन आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एनएमआरची राष्ट्रीय सुविधा आहे, बंगळुरूला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात (एनसीबीएस) क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आहे. पुण्यात सी-डॅकने परम संगणकांची परंपरा उभी केली आणि विद्यापीठात जैवमाहितीशास्त्राचे केंद्र 1987 पासून आहे. रामचंद्रन यांनीच बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत उभारलेल्या मॉलेक्युलर बायोफिजिक्स युनिटमध्ये सिद्धान्त आणि प्रयोग एका छपराखाली नांदले आणि एम. विजयन यांच्या गटाने तिथेच देशातले प्रथिनांचे स्फटिकशास्त्र उभे केले. माणसे आहेत, यंत्रे आहेत. नाही ती दोघांना समोरासमोर बसवणारी व्यवस्था.

सध्या आमच्याकडे सहकार्य कसे होते, ते आपल्याला ठाऊक असेलच. प्रस्तावाची मुदत संपायला आठवडा उरला की फोन येतो: ‘सर, को-पीआय म्हणून तुमचे नाव घालू का? डॉकिंगचा भाग तुमचा.’ संमतीपत्र जाते. प्रकल्प मंजूर झाल्यावर दोघे आपापले काम करतात आणि शेवटच्या वर्षी शोधनिबंधात एक आकृती संगणकाची, एक प्रयोगाची, अशी वाटणी होते. ती आकृती बहुधा प्रयोग झाल्यानंतर केलेली असते, म्हणून नेहमीच जुळते. जी कधीच चुकू शकत नाही, तिला तपासणी कसे म्हणावे? मी स्वतः अशा आकृत्या छापल्या आहेत आणि इतरांच्या मंजूरही केल्या आहेत. अडचण कुणा एकाच्या नियतीत नाही. प्रस्ताव विषयवार समित्यांकडे जातात. भौतिकशास्त्रवाल्यांना तो जीवशास्त्राचा वाटतो, जीवशास्त्रवाल्यांना गणिताचा. दोन्हीकडे तो दुसऱ्याचा.

आपल्या संस्थेचा कायदा 2023 साली झाला, पाच वर्षांसाठी 50,000 कोटी रुपयांचा आराखडा जाहीर झाला. जुनी चौकट मोडून नवी घालायची संधी इतक्यात पुन्हा येणार नाही. म्हणून चार मागण्या करतो.

एक. संरचना-जीवशास्त्रासाठी जोडीने अर्ज करायचा वेगळा कॉल काढा, आणि त्यात अट घाला की प्रयोग सुरू होण्याआधी अंदाज तारखेसह आपल्याकडे जमा झाला पाहिजे. तो प्रकल्प संपेपर्यंत बंद राहील, मग उघडला जाईल. अंदाज चुकला म्हणून अनुदान थांबणार नाही. का चुकला, हे लिहिले नाही तर मात्र थांबेल.

दोन. विद्यार्थी एक, मार्गदर्शक दोन, आणि दोन्ही प्रयोगशाळांत किमान सहा-सहा महिने. सूक्ष्मदर्शकाखाली इवल्या फाशात स्फटिक पकडून द्रव नायट्रोजनमध्ये बुडवताना तो हातातून निसटतो कसा, हे ज्याने पाहिले आहे, तो मोजमापातल्या त्रुटीकडे वेगळ्या नजरेने पाहतो. आणि बलक्षेत्राचे आकडे कुठून येतात हे ज्याने स्वतः तपासले आहे, त्याला संगणकाच्या चित्राची भुरळ पडत नाही. दोघांच्या भाषा येणारी माणसे तयार होण्याचा याहून स्वस्त मार्ग मला ठाऊक नाही.

तीन. कच्ची मोजमापे आणि न जमलेले प्रयोग जमा करण्यासाठी प्रकल्पातच पैसे आणि माणूस द्या. फरीदाबादला 2022 पासून भारतीय जैविक डेटा केंद्र आहे. कोणते प्रथिन कोणत्या द्रावणात स्फटिक झाले नाही, ही माहिती आज वह्यांमध्ये पडून कुजते आहे. अंदाज बांधणाऱ्यासाठी ‘नाही’ हेसुद्धा उत्तर असते.

चार. श्रेयाची मोजणी बदला. जेरोम कार्ल आणि हर्बर्ट हॉप्टमन यांना स्फटिकांच्या गणितासाठी 1985 चे नोबेल मिळाले. त्यांची पद्धत सुरुवातीला अनेक स्फटिकशास्त्रज्ञांना पटली नव्हती. इझाबेला कार्ल यांनी ती खऱ्या रेणूंवर चालवून दाखवली, तेव्हा जग वळले. पारितोषिकात त्या नव्हत्या. आपल्याकडे बढतीच्या वेळी विचारतात, ‘यातले तुमचे किती? पहिले नाव कुणाचे?’ दुसऱ्याचे म्हणणे तपासून देणाऱ्याचे नाव मधे कुठेतरी असते आणि त्याला शून्य गुण पडतात. अशा कामाला स्वतंत्र गुण ठेवा, नाहीतर वरच्या तीनही मागण्या कागदावर राहतील.

यावर आक्षेप येतील. सैद्धांतिक म्हणतील, प्रत्येक विचार ताबडतोब तपासून पाहायचा तर दूरचा विचार करायचा कोणी? बरोबर आहे. म्हणून हा वेगळा कॉल मागतो आहे, इतर सगळे बंद करा असे म्हणत नाही. प्रयोगवाले म्हणतील, आमचीच यंत्रे चालवायला माणसे मिळत नाहीत, त्यात परक्याच्या अंदाजासाठी वेळ कुठून काढू? तेही बरोबर आहे. म्हणूनच त्या वेळेचे पैसे प्रकल्पात धरा आणि यंत्राबरोबर चालवणाऱ्याचा पगारही धरा. कोणी म्हणेल, एकमेकांच्या चुका काढायला लावाल तर भांडणे होतील. होतील. क्रिक आणि रामचंद्रन यांच्यात गोडीगुलाबी नव्हती, आणि त्या कडवटपणातून निघालेला आलेख गेली सहा दशके सगळे जग वापरते आहे.

हे सगळे एकदम करणे शक्य नसेल तर निदान एक करा. येत्या कॉलच्या अर्जात दोन रकाने वाढवा. पहिला: ‘तुमचे म्हणणे चूक असेल तर ते कोणत्या मोजमापाने कळेल?’ दुसरा: ‘ते मोजमाप कोण करणार आहे, आणि त्याला किती पैसे लागतील?’ दुसऱ्या रकान्यात अर्जदाराचेच नाव आले तर अर्ज परत पाठवा. बाकीचे सहकार्य शास्त्रज्ञ आपसांत जमवतील.

कळावे.

आपला,
प्रथिनांच्या स्फटिकांवर काम करणारा एक संशोधक,
पुणे